घंगाळातलं पाणी

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी लोणी, उरुळी, यवत, खुटबाव अशी थांबत थांबत जाते. खुटबाव सुटलं की माझी आई डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आता मुक्ती येईल." स्टेशनाचं नाव केडगाव. पण आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत ते नाव फारसं कुणी घेत नसे. अमकीची आत्या मुक्तीला होती, तमकी लग्न होऊन आली ती मुक्तीहून, आजोबांच्या ट्रंकेतलं जाड पुस्तक मुक्तीच्या छापखान्यातलं, असं बोलणं चालायचं. सुट्टीत दौंडवरून नगरला जाताना मी या स्टेशनावरून कितीतरी वेळा गेले. उतरले मात्र एकदाही नव्हते.

उतरले ती २०२३ सालच्या ५ एप्रिलला. बुधवार होता, पवित्र सप्ताहातला. केडगावचं मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई १९२२ साली याच तारखेला गेल्या. दुसऱ्या दिवशी पवित्र गुरुवार, म्हणजे येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या रात्रीची आठवण. बेत असा होता की बुधवारी केडगाव पाहायचं, मुक्कामाला नगरला मामेबहिणीकडे जायचं, गुरुवारी जामखेड करून शुक्रवारच्या उपासनेला परत नगरला पोचायचं.

या दोन गावांना मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती आजीमुळे मनात बसलेली होती. आजी नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात आया होती. रुग्णांची भांडी, चादरी, जखमांच्या पट्ट्या, बाळंतिणींचे कपडे, सगळं तिच्या हातून गेलं. घरी तिचं एक तांब्याचं घंगाळ होतं. उन्हातान्हातून कुणीही आलं की त्यात पाणी ओतून ते पायांशी सरकवायची तिची पद्धत होती. शेवटच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. मी तेच घंगाळ घेऊन तिचे पाय धुवायला बसले, तर तिने पाय आखडून घेतले. म्हणाली, "माझं काय धुतीस? कुणाचं तरी धू जा." मला ते लागलं. पुढे किती दिवस वाटत राहिलं की तिने मला दूर लोटलं.

ती गेल्यावर योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय वाचताना थबकले. पेत्रही असेच पाय मागे घेतो. आणि येशू शेवटी शिष्यांना सांगतो ते माझे पाय धुवा असं नव्हे. तुम्ही एकमेकांचे धुवा, असं सांगतो. हा अध्याय मी लहानपणापासून ऐकला होता, पण माझं लक्ष नेहमी धुणाऱ्याकडे असायचं. ज्यांचे पाय धुतले गेले त्यांचं पुढे काय झालं, हे कधी मनातच आलं नव्हतं. ते बघायला मी निघाले होते.

केडगावला उतरेपर्यंत ऊन टोचायला लागलं होतं. टमटमवाल्याने विचारलं, "बेट का मिशन?" नारायण महाराजांचं दत्ताचं देऊळ याच गावात, बेटावर. निम्मी टमटम तिकडे जाणाऱ्यांची होती. मिशनच्या फाटकाशी मी एकटीच उतरले. नाव लिहून दिलं, कारण सांगितलं, आणि एक मावशी सोबतीला आल्या. साठीच्या असतील. अगदी तान्ह्या होत्या तेव्हा इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. "बघायला काय हाय एवढं," त्या म्हणाल्या, "पोरी हायेत, झाडं हायेत, मंदिर हाय."

मंदिर, म्हणजे इथलं चर्च, मात्र बघण्यासारखं आहे. आत शिरल्यावर आधी जाणवतो तो रिकामेपणा, कारण ही जागा बांधली गेली ती माणसांच्या मोठ्या संख्येच्या हिशेबाने. १९०० सालच्या सुमारास इथे राहणाऱ्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. त्या सगळ्या जणी या फरशीवर बसत असतील तेव्हा किती आवाज, किती गर्दी, किती जणींच्या अंगावर अजून दुष्काळाच्या खुणा असतील, याचा अंदाज त्या थंड फरशीवर बसून करत राहिले.

रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. सोळा वर्षांच्या असताना दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले, मग थोरली बहीण. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक भाऊ श्रीनिवासबरोबर देशभर पायी फिरली, पुराणं सांगत, उपाशी. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे लग्न, मुलगी, दोनच वर्षांत वैधव्य. आपल्याकडे रमाबाईंची गोष्ट बहुधा इथून पुण्याच्या आर्य महिला समाजाकडे आणि विधवांसाठीच्या शारदा सदनाकडे वळते. मला मात्र तिच्यातला जो तुकडा सगळ्यात मोलाचा वाटतो तो इंग्लंडमधला आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेऊन एक काम दाखवलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी ते घर होतं. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं आहे की तिथे त्यांना धक्का बसला तो एका वेगळ्याच गोष्टीचा. त्या घरात एके काळी आसऱ्याला आलेल्या काही बायका आता आजारी आणि अपंग माणसांची शुश्रूषा करण्यात आपलं आयुष्य घालत होत्या. ज्यांना उचलून आणलं होतं त्याच दुसऱ्यांना उचलत होत्या. या बायकांची एवढी कळकळ का, असं रमाबाईंनी एका सिस्टरला विचारलं. सिस्टरने उपदेश केला नाही. तिने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, गावाने नावं ठेवलेली ती बाई, आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा येशू.

ख्रिस्ती प्रेमावर मी लहानपणापासून पुष्कळ प्रवचनं ऐकली. पण रमाबाईंसारख्या शास्त्र जाणणाऱ्या, वादविवादात भल्याभल्यांना पुरून उरणाऱ्या बाईला ते प्रेम वादात भेटलं नाही. ते तिला एका आश्रमात, कामाला लागलेल्या बायकांच्या हातांत दिसलं. वचन मागून आलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. केडगावात पुढे निघालेलं 'कृपासदन' फसवल्या गेलेल्या आणि टाकून दिलेल्या बायकांसाठी होतं. फुलहॅमला पाहिलेलं ते घर रमाबाईंनी सोळा वर्षं मनात सांभाळून ठेवलं होतं, असंच म्हणायला हवं.

"हे काय, इथंच बसला व्हय," म्हणत मावशी मला उठवून बाहेर घेऊन गेल्या. एका बैठ्या इमारतीच्या पायरीवर तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी दुसऱ्या लहान मुलीची वेणी घालत होती. लहानीच्या हालचालींवरून कळत होतं की तिचे हात तिचं ऐकत नाहीत. डोकं सारखं एका बाजूला जायचं. मोठी प्रत्येक वेळी ते हळूच सरळ करायची आणि पुन्हा पेड हातात घ्यायची. एवढी शांत की जणू जगात दुसरं कामच नाही. मावशी म्हणाल्या, "हिची येनी तीच घालती. आमाला कुनाला हात लावू देत न्हाई."

मी विचारलं, "तिला कुणी सांगितलं?"

"तिची कुणी घातलीच असंल की," मावशी म्हणाल्या आणि पुढे चालायला लागल्या.

इथली रीतच मुळात ही. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिथल्या छावण्यांतून आणि अनाथगृहांतून फिरल्या आणि सुमारे ३०० बायका-मुली घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. शहरात एवढ्या जणींना ठेवायला परवानगी मिळेना, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर आणलं. शारदा सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून ही जमीन रमाबाईंनी आधी घेऊन ठेवली होती, फळबागेसाठी. माणसं आली, बाग राहिली बाजूला. झोपड्या उभ्या राहिल्या आणि १८९८ साली मुक्ती सदन उभं राहिलं. या मुलींना भाकरी खाताना भांडायचं नाही, डोक्यावरचे केस कापू द्यायचे, औषध प्यायचं, हे शिकवायला बाहेरून कोण येणार? शारदा सदनात शिकलेल्या मुलीच पुढे झाल्या. काही वर्षांपूर्वी ज्या स्वतः विधवा म्हणून, नकोशा म्हणून आल्या होत्या, त्या आता शिक्षिका आणि देखरेख करणाऱ्या झाल्या. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातून आलेल्या मुली नव्या मुलींना सांभाळायला तयार होत्या. तेलघाणी, दूधडेरी, विणकाम, शेती, स्वयंपाक, सगळी कामं त्यांनीच ओढली. रमाबाईंची लेक मनोरमा परदेशात ब्रेल शिकून आली आणि अंध मुलींना वाचायला शिकवू लागली.

सेवा करणारी माणसं मवाळ असतात असा एक समज आहे. रमाबाई मवाळ नव्हत्या. प्लेगच्या काळात सरकारी छावणीत बायकांची कशी हेळसांड होते यावर त्यांनी १८९७ साली 'बॉम्बे गार्डियन'मध्ये सडेतोड पत्र लिहिलं. त्याचे पडसाद पार ब्रिटिश पार्लमेंटात उमटले. सरकारची मेहेरबानी जाईल याची त्यांनी पर्वा केली नाही. आपल्या हातातल्या माणसासाठी भांडणं हाही प्रेमाचाच भाग आहे आणि तो आम्ही ख्रिस्ती लोक बऱ्याचदा विसरतो. आमच्याकडे नम्रतेचं कौतुक जरा जास्तच आहे.

दुपारी जेवायला बसवलं. आमटी, भात, भाकरी, वर कांदा. जेवताना मावशींनी छापखान्याची गोष्ट काढली आणि मी ज्याची वाट पाहत होते ते समोर आलं. मूळ इब्री आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम रमाबाईंनी आयुष्याची शेवटची अठरा-एक वर्षं केलं. संस्कृत त्यांच्या जिभेवर होतं. वाटलं असतं तर पंडितांनी मान डोलवावी अशी मराठी त्यांना सहज लिहिता आली असती. त्यांनी मुद्दाम उलटं केलं. जुन्या भाषांतरातली संस्कृताळलेली मराठी केडगावच्या मुलींना कळत नव्हती, म्हणून त्या स्वतः इब्री आणि ग्रीक शिकल्या. आणि ते पुस्तक जुळवलं कुणी? याच मुलींनी. दुष्काळात मरायला टाकलेल्या मुलींनी खिळे हातात घेऊन इब्री आणि ग्रीक अक्षरंसुद्धा जुळवली. मुद्रितं तपासणं रमाबाईंचं अखेरपर्यंत चालू होतं. त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९२१ साली, मनोरमा गेली होती. तरी काम थांबलं नाही.

मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून असेल, पण मला हे सगळ्या तेलघाण्या-गोठ्यांपेक्षा मोठं वाटतं. भुकेल्याला भाकरी देणं सगळ्यांना समजतं. आपली सगळी विद्वत्ता खाली उतरवून, समोरच्या अडाणी मुलीच्या तोंडातले शब्द उचलून, तिला समजेल असं वाक्य बनवणं आणि ते वाक्य तिच्याच हातून छापून घेणं, हे मात्र फार थोड्यांना सुचलं. येशूने अंगरखा काढून ठेवला आणि कमरेला रुमाल बांधला, असं योहानाने लिहिलं आहे. पंडितेच्या बाबतीत तो अंगरखा म्हणजे तिचं संस्कृत होतं.

एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात यावरून १८९३ साली पुण्यात मोठं वादळ झालं. 'केसरी'ने टीका केली, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. तो प्रश्न खोटा नव्हता. ज्याला आसरा हवा आहे तो किती मोकळेपणाने हो किंवा नाही म्हणू शकतो, हे आसरा देणाऱ्याने स्वतःला रोज विचारलं पाहिजे. शाळेत असताना मलाही एका मैत्रिणीने विचारलं होतं, "तुम्हाला किती पैसे दिले?" आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. त्या दिवशी मला रडू आलं. आज वाटतं, त्या प्रश्नाला वाद घालून उत्तर देता येत नाही. बदल्यात काही मागणारी सेवा प्रेम उरत नाही, ती उसनवारी होते, हे आम्हाला आधी कबूल करावं लागेल. आणि दुसरीकडे, ज्या बाईने स्वतःच्या जातीचा मान, पुण्यातली प्रतिष्ठा, मित्रमंडळी, सगळं गमावून माळावर दोन हजार उपाशी मुलींबरोबर आयुष्य काढलं, तिला फायद्याचा हिशेब लावता येत नाही, हेही कुणीतरी कबूल करायला हवं.

संध्याकाळच्या गाडीने दौंड, तिथून पुढची गाडी धरून नगर. विसापूर येईपर्यंत अंधार झाला होता. मामेबहिणीने पिठलं करून ठेवलं होतं आणि रात्री उशिरापर्यंत नगरच्या बूथ हॉस्पिटलचा विषय चालला होता. ती तिथल्या शेजारची. कोरोनाच्या काळात लोक त्या रस्त्यावरून जायला भीत होते आणि आतली माणसं मात्र रोज कामाला जात होती, हे तिने स्वतः गच्चीवरून बघितलेलं.

सकाळी जामखेडची एसटी. हा रस्ता गमतीचा आहे. चिचोंडी पाटील गेलं की नगर जिल्हा संपतो, कडा आणि आष्टी ही बीड जिल्ह्यातली गावं लागतात, आणि जामखेडला आपण पुन्हा नगर जिल्ह्यात येतो. दोन्ही बाजूंना काळ्याभोर नांगरटी, बाभळी, आणि उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ. त्या दिवशी हनुमान जयंती होती. गावोगावच्या पारांवर माणसं जमलेली, स्पीकरवर आरत्या. माझ्या शेजारी बसलेल्या मुसलमान आजोबांचा रोजा होता. बसमध्ये कुणीतरी वाटलेली सुंठवड्याची पुडी त्यांनी हसून घेतली आणि नातवासाठी खिशात ठेवली. मला पवित्र गुरुवार. एका एसटीत इतकं सगळं.

जामखेड तालुक्यातलं चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. म्हणजे घाट, विहिरी आणि पाणपोया बांधणाऱ्या बाईचा हा मुलूख. आणि याच मुलखात १९७० साली पाणी नव्हतं, हेही खरं. त्या साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य इथे आलं. रजनीकांत राहुरीचे. दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि लग्न करतानाच त्यांनी आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं ठरवलं होतं. आधी वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की बरं करून पाठवलेलं मूल थोड्या महिन्यांनी त्याच जुलाबांनी, त्याच कुपोषणाने परत येतं. दवाखाना कितीही चांगला असला तरी तो दारात बसून राहतो. मग ते अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि जामखेड निवडलं.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती गावकऱ्यांना विचारण्याची. लोकांनी औषध मागितलं नाही, पाणी आणि अन्न मागितलं. १९७२चा दुष्काळ तोंडावर होता. बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा ती दलित वस्तीत घ्यावी, हा आरोळ्यांचा आग्रह होता. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाला तिकडे जावं लागेल. शिवाशिवीवर भाषण न देता त्यांनी हंडे घेऊन येणारी पायवाट बदलली. शोमरोनी स्त्रीची विहीर मला इथे पुन्हा दिसली.

पुढची अडचण अशी आली की शिकलेल्या नर्स खेड्यांत टिकेनात. त्यांना गाव परकं वाटायचं आणि गावाला त्या. तेव्हा गावातल्याच बाईला शिकवायचं ठरलं. बहुतेक जणींना अक्षरओळख नव्हती, पुष्कळ दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. गाव ज्यांना दारात उभं करत नव्हतं त्यांच्या हातात गावाचं आरोग्य. दर आठवड्याला त्या जामखेडला शिकायला येत, मुक्काम करत, एकत्र जेवत आणि एका मोठ्या पांघरुणाखाली झोपत. जात बाजूला पडली ती त्या पांघरुणात. स्वच्छ बाळंतपण कसं करायचं, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, गरोदर बाईला काय खायला घालायचं, कुष्ठरोग्याला घरात कसं ठेवायचं. १९७१ साली या गावांत जन्मलेल्या हजार बाळांतली १७६ वर्षाच्या आत जात. नव्वदचं दशक संपेपर्यंत हा आकडा तिसाच्या आत आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण पुरस्कार घेणारे हात दोनच असले तरी काम करणारे हात या बायकांचे होते, हे दोघांनी कधी लपवलं नाही.

त्यांच्यातल्या एक मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं की डॉक्टर म्हणजे अशी झुंबरं, महागडी आणि आमच्या हाताला न पोचणारी. आम्ही पणत्या आहोत, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. हे मी आधी वाचलं होतं. दवाखान्याच्या आवारात उभी असताना ते वेगळंच ऐकू आलं. समोर कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा होती. भिंतीशी जयपूर फूटचे तयार पाय रांगेने उभे. कुणाच्या तरी मापाचे, अजून कुणाचे न झालेले. मी बराच वेळ त्या पायांकडे बघत उभी होते.

इथे येणाऱ्याला कुणी धर्म विचारत नाही. आरोग्यसेविका हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळ्या. मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. ते कशावर उभे होते हे त्यांनी झाकलं नाही आणि कुणावर लादलंही नाही. आसरा देणाऱ्याने स्वतःला विचारायच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर मला कुणी देऊ शकत असेल तर ते यांनी दिलं आहे, असं मला वाटलं.

दुपारी आठ-दहा किलोमीटरवरच्या एका खेड्यात गेले. तिथल्या जुन्या आरोग्यसेविका आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, असं कळलं होतं. फाट्यावर उतरून शेताच्या बांधाने चालत निघाले. घर दिसायला लागलं आणि तिथेच बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार पायात शिरला. कशीबशी लंगडत ओट्यापर्यंत पोचले. लुगडं नेसलेली, काळीसावळी, काटक बाई उंबऱ्यात उभी होती. मी कोण, कशाला आले, हे विचारायच्या आधी तिची नजर माझ्या पायाकडे गेली.

"काटा व्हय? बस हितं."

"राहू द्या आजी, मी काढते."

"तुला दिसंल का तळपायाचं? बस म्हन्ते ना."

तिने आतून जर्मनचं भगुणं आणलं, चुलीवरचं कोमट पाणी ओतलं आणि माझा पाय धरला. मी नकळत मागे ओढला. तिने तो पुन्हा धरून पाण्यात ठेवला, साबण लावला, बोटांच्या बेचक्यांतली माती काढली, पदराने नव्हे, दोरीवरचा धुतलेला फडका घेऊन पुसला. मग सुई काडीपेटीच्या जाळावर धरली. "पुसायचं धुतल्यालं फडकं येगळं ठिवायचं," ती मलाच शिकवत होती, "पदर घान असतो. आमाला म्याडमनी पयल्या आठवड्यातच सांगितलं व्हतं." काटा निघाला. तिने तो उजेडात धरून पुरता निघाला की नाही ते बघितलं.

पाय तिच्या मांडीवर असतानाच ती बोलत राहिली. पहिल्या वर्षी याच गावात तिला ओट्याखालून बोलावं लागायचं. पाणी वरून ओतायचे. मग समोरच्या वाड्यातली सून रात्री अडली. जामखेडला न्यायला गाडी नव्हती. सासूने स्वतः कंदील घेऊन येऊन हाक मारली. "म्या गेले. पोरगं झालं. त्याचं आता पोरगं दहावीला हाय." एवढंच. त्या सासूविषयी एक वाकडा शब्द नाही.

"राग नाही आला कधी?" मी विचारलं.

"आला की. पन बाळ तर आत अडकल्यालं व्हतं. राग घिऊन बसू का त्येला भाईर काढू?"

मारुतीच्या देवळातून पंगतीचा पुकारा झाला. तिने माझा पाय खाली ठेवला, स्वतःचे हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, आणि भगुण्यातलं पाणी ओट्याखालच्या शेवग्याला ओतलं. मी पर्समध्ये हात घातलेला बघून तिने मान हलवली.

"त्ये ठिव. धनुर्वाताचं इंजिक्शन कवा घेतलं व्हतं शेवटचं?"

मला आठवेना.

"शिकल्याली दिसतीस आन् ठावं न्हाई? जा मंग दवाखान्यात आदी. साडेचारची येष्टी हाय फाट्यावरनं." आणि तिने नातवाला हाक मारली, बांधाने नको, रस्त्याने पोचव म्हणून.